इब्राहिमचाचा भिवंडीत असते तर

पॅरिसच्या एका गल्लीत एक म्हातारा किराणा दुकानदार आहे. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, अगदी रविवारीही त्याचं दुकान उघडं असतं. मोहल्ल्यातले लोक त्याला 'अरब' म्हणतात. तो खरं तर तुर्कस्तानातला. आपल्याकडे उत्तरेतून आलेला प्रत्येक दुकानदार 'भैया' होतो, तसाच हा प्रकार. समोरच्या घरात मॉइझ नावाचा ज्यू मुलगा राहतो. आई कधीच सोडून गेली आहे आणि बाप घरात असून नसल्यासारखा आहे. बाजारहाट, स्वयंपाक, खर्चाचा हिशेब, सगळं या पोराच्या अंगावर. तो म्हाताऱ्याच्या दुकानातून डबे चोरतो. म्हाताऱ्याला ते ठाऊक असतं, पण तो ओरडत नाही. चोरायचंच असेल तर निदान माझ्याच दुकानात चोर, अशी त्याची भूमिका. तो पोराला 'मोमो' म्हणू लागतो आणि हळूहळू त्याला हसायला शिकवतो.

हा 'मोस्यू इब्राहिम' नावाचा फ्रेंच चित्रपट. फ्राँस्वा द्युपेरों यांनी तो २००३ साली केला, एरिक-एमान्युएल श्मिट यांच्या छोट्या पुस्तकावरून. इब्राहिमची भूमिका ओमर शरीफ यांची. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तला तो देखणा इजिप्शियन नट इथं सत्तरीत आहे, अंगावर दुकानदाराचा मळकट कोट आहे. या कामासाठी त्यांना फ्रान्समधला मानाचा सेझार पुरस्कार मिळाला. चित्रपटात १९६० च्या दशकातलं पॅरिस आहे, त्या गल्लीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाही आहेत आणि मोमो त्यांच्याकडे जातो. त्यामुळे घरातल्या लहानांना सोबत घेऊन बघायचा हा चित्रपट नाही. मोठ्यांनी मात्र जरूर बघावा.

पुढची गोष्ट थोडक्यात अशी. मोमोचा बाप एक दिवस घर सोडून जातो आणि नंतर आत्महत्या करतो. पोरगं एकटं उरतं. इब्राहिम कचेऱ्यांचे खेटे घालतो आणि मोमोला रीतसर दत्तक घेतो. मग दोघं एक लाल मोटार घेऊन तुर्कस्तानला निघतात. तिथं अपघातात इब्राहिमचा अंत होतो. मोमो पॅरिसला परततो. इब्राहिमचं दुकान आणि त्याचं जपून ठेवलेलं कुरआन आता मोमोचं आहे. शेवटी तोच गल्ल्यावर बसलेला दिसतो.

बहुतेकांना या चित्रपटातला सलोखा भावेल. मुसलमान म्हातारा आणि ज्यू मुलगा, तेही पॅरिसमध्ये, म्हटल्यावर ते साहजिकच आहे. मला मात्र कचेरीचा तो छोटा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. मोमोवर इब्राहिमची माया पहिल्यापासूनच होती. पण बाप गेल्यावर मायेवर भागत नाही, हे त्याला कळतं आणि तो अर्ज घेऊन रांगेत उभा राहतो. या लेखात मला तेवढंच मांडायचं आहे: परक्या मुलाला जीव लावणं आपल्या समाजात मुबलक आहे. त्या मुलासाठी कागद करणं मात्र आपण टाळतो, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

आपला अब्दुल रशीद

हिंदी सिनेमाला असा चाचा नवा नाही. १९५९ साली यश चोप्रांचा 'धूल का फूल' आला. त्यांचं दिग्दर्शक म्हणून हे पहिलंच चित्र. त्यात अब्दुल रशीद नावाच्या मुसलमान माणसाला जंगलात टाकून दिलेलं बाळ सापडतं. बाळाचे आईबाप हिंदू आहेत. अब्दुल रशीद त्याला वाढवतो. बापाचं नाव नाही म्हणून मुलाला जगाकडून टोमणे खावे लागतात. आणि शेवटी अब्दुल रशीद त्या मुलाला त्याच्या जन्मदात्या आईकडे सोपवतो. प्रेक्षक डोळे पुसतात आणि आपल्या मनात चांगल्या मुसलमानाची एक प्रतिमा पक्की होते: तो देतो, सांभाळतो आणि वेळ आली की बाजूला होतो.

इब्राहिम बाजूला होत नाही. दोन्ही चाचांमधला फरक हा आहे. अर्थात अब्दुल रशीदला दोष देता येत नाही. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी होता, त्यात शीख, बौद्ध आणि जैनही आले. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी उरला होता तो इंग्रजांच्या काळातला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्यात माणूस मुलाचा पालक होतो, बाप होत नाही, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्वही संपतं.

तेव्हापासून कायदा बराच बदलला आहे. आपल्या मोहल्ल्यातला अब्दुल रशीद मात्र अजून तिथंच आहे.

एक दुकान इथलंही

मी भिवंडीत वाढलो. घरात आम्ही कोकणी वळणाची मराठी बोलतो, पलीकडच्या चाळीत आजमगढ आणि मऊकडचे अन्सारी आहेत, पद्मानगरात गेलात तर तेलुगू ऐकू येते. यंत्रमागांनी ही माणसं इथं आणली. बाप बारा तासांच्या पाळीत, आई गावाला, आणि पोरगं शेजारच्या कुणाकडे तरी जेवतं, ही इथली रोजची गोष्ट आहे. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आमच्या गल्लीत एक चाचा होते. त्यांचंही दुकान किराण्याचंच. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मागावर काम करणाऱ्या एका माणसाचा मुलगा त्यांच्याकडे येऊ लागला. मुलाची आई आधीच गेली होती, पुढं बापही क्षयानं गेला. बारा वर्षांचं पोर दुकानाच्या पोटमाळ्यावर राहू लागलं. चाचांनी त्याला शाळेत ठेवलं, ईदला कपडे केले, रोज संध्याकाळी पुढ्यात बसवून पाढे म्हणून घेतले. गावाकडे एक काका होता, तो वर्षातून एकदा फोन करी.

दोन वर्षांनी मुलाच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स निघालं. एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही हवी होती. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, 'तुम्ही मुलाचे कोण?' चाचा म्हणाले, 'मीच आहे.' काउंटरवाल्याला या उत्तराचं काही करता येईना. गावाकडच्या काकाचा फोन लागेपर्यंत पाच तास गेले. मूल वाचलं, म्हणून ही गोष्ट आज सांगता येते.

पुढं चाचा वारले. दुकान आणि माल वारसाहक्कानं पुतण्यांकडे गेला. पुतण्यांनी काही गैर केलं नाही, शरियतप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे वारस तेच होते. दुकान विकलं गेलं. तो मुलगा तेव्हा अठराचा होता, बारावीत. त्यानं शिक्षण सोडलं, आणि आज तो नाशिक महामार्गावरच्या एका गोदामात पार्सलांवर स्कॅनर फिरवतो. त्याच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. शबे-बरातला चाचांच्या कबरीवर मात्र तो न चुकता जातो.

पॅरिसच्या मोमोला दुकान मिळालं आणि या मुलाला मिळालं नाही. दोन्हीकडे माया सारखीच होती. फरक फक्त कागदाचा होता.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. त्यामुळे ही गोष्ट मला काउंटरच्या पलीकडूनही दिसते. शाळाप्रवेश असो, बँकेतलं अज्ञान मुलाचं खातं असो, पासपोर्ट असो वा दवाखाना, प्रत्येक अर्जात 'नातं' नावाचा एक रकाना असतो. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते: वडील, आई, कायदेशीर पालक, इतर. 'इतर' निवडलं की पुढचं पान पुरावा मागतं. पुरावा नसेल तर अर्ज तिथंच थांबतो. ही यादी बनवणाऱ्याच्या मनात मुसलमानांबद्दल काही आकस असतो असं नाही. त्याला 'मीच आहे' हे उत्तर कुठं बसवायचं, हे ठाऊक नसतं इतकंच. आणि पूर्वी जे काम शिक्षकाच्या ओळखीनं किंवा नगरसेवकाच्या चिठ्ठीनं होई, ते आता स्क्रीनवर होतं. स्क्रीन मोहल्ल्यातली नाती ओळखत नाही.

संशयाचा प्रश्न

कागद नसला की दुसरंही संकट येतं. ३० मे २०२३ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यातून पुणे आणि सांगलीच्या मदरशांकडे निघालेल्या ५९ मुलांना दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवण्यात आलं. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला. मुलं बारा दिवस बालगृहांत राहिली, मोठी माणसं सुमारे महिनाभर कोठडीत. मार्च २०२४ मध्ये लोहमार्ग पोलिसांनीच प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचं सांगितलं.

या घटनेवर आपला राग रास्त आहे. दाढीवाला माणूस आणि त्याच्यासोबत मुलं, एवढ्यावर कुणी तस्कर ठरू नये. पण रागासोबत एक गोष्ट मान्य करायला हवी. मुलांची तस्करी खोटी नाही, बालमजुरीही खोटी नाही. बिहार आणि उत्तर प्रदेशातून मुलं कामाला आणली जातात, आणि आणणारा प्रत्येक जण स्वतःला 'चाचा'च म्हणवतो. खरा चाचा आणि खोटा चाचा दिसायला सारखेच असतात. मुलाची सुरक्षितता एका मोठ्या माणसाच्या चांगुलपणावर सोडून देता येत नाही. 'मोस्यू इब्राहिम' बघतानाही हा विचार मनात येतोच. एकटा म्हातारा, एकटा मुलगा, आणि बराच काळ विचारपूस करणारं कुणी नाही. इब्राहिम भला निघाला, म्हणून गोष्ट गोड झाली.

म्हणून घरी येऊन चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे अपमान म्हणून बघू नये. मुलासाठी तो दुसरा डोळा आहे. भल्या माणसाला प्रश्नांची भीती नसावी, आणि प्रश्न विचारणाऱ्यानंही धर्म बघून आवाज चढवू नये. या दोन्ही गोष्टींचा आग्रह आपण एकाच वेळी धरू शकतो.

शरियत आड येते का?

मी हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'इस्लाममध्ये दत्तक नाही.' तो नीट समजून घ्यायला हवा.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच गेले, आई लहानपणी गेली, मग आजोबांनी आणि पुढं चुलत्यांनी सांभाळलं. हजरत झैद गुलाम म्हणून त्यांच्या घरी आले. प्रेषितांनी त्यांना मुक्त केलं आणि मुलगा मानलं. झैदचे वडील शोधत मक्केला आले तेव्हा झैदनं प्रेषितांकडेच राहणं पसंत केलं. पुढं सूरह अहजाबच्या आज्ञेनुसार मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानं हाक मारायचं ठरलं आणि झैद पुन्हा झैद बिन हारिसा झाले. प्रेषितांची त्यांच्यावरची माया मात्र तशीच राहिली.

मनाई आहे ती मुलाची वंशओळख पुसण्याला, खरं नाव लपवण्याला आणि रक्ताच्या वारसांचा वाटा गिळण्याला. मुलाला सांभाळण्याला मनाई नाही. उलट यतीमाचा सांभाळ करणाऱ्याला प्रेषितांनी जन्नतमध्ये आपला निकटचा शेजारी म्हटलं आहे, हे आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकतो! या सांभाळाला 'कफाला' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम २० मध्ये, मुलांच्या पर्यायी सांभाळाचा एक मार्ग म्हणून कफालाचा नावानिशी उल्लेख आहे. भारतानं १९९२ साली तो करार स्वीकारला.

पण हा बारकावा बाजूला राहिला आणि आपल्या नेतृत्वानं सरसकट 'नको' म्हटलं. १९७२ साली सर्व धर्मीयांसाठी दत्तक विधेयक संसदेत आलं, मुस्लिम विरोधामुळे ते पुढं मागे घेण्यात आलं. १९८० च्या विधेयकात तर मुसलमानांना वगळण्यातच आलं. अखेर शबनम हाश्मी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल लागला. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं या प्रकरणात कफालाचा मुद्दा मांडला होता. न्यायालयानं म्हटलं की बालन्याय कायदा सर्व धर्मीयांना दत्तक घेण्याची मुभा देतो. ती मुभा आहे, सक्ती नाही. ज्याला आपल्या धर्मनियमांप्रमाणे चालायचं आहे त्यानं तसं चालावं, ज्याला या कायद्यानं जायचं आहे त्याला व्यक्तिगत कायदा अडवू शकत नाही.

इतका मोकळा निकाल लागून दहा वर्षं उलटली. माझ्या वयाच्या, शिकलेल्या मुस्लिम मित्रांमध्ये तो माहीत असलेले मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

मग वाटा कोणत्या?

समजा, इब्राहिमचाचा भिवंडीत असते आणि मोमो त्यांच्या पोटमाळ्यावर. मोमोही इथं फार परका ठरला नसता. शेजारच्या ठाण्यात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंची जुनी वस्ती आणि त्यांचं प्रार्थनालय आहे. चाचांनी काय केलं असतं?

दत्तक घेणं त्यांना जमलं नसतं. त्याला कारण धर्म नाही, वय आहे. सध्याच्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीचं वय पंचावन्नच्या वर असेल तर मोठं मूलही दत्तक मिळत नाही, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. पण हे लक्षात ठेवा की तुमच्या-माझ्या वयाच्या जोडप्यांना ही वाट पूर्ण खुली आहे. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते, संस्था घरी येऊन अहवाल करते, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. असं मूल कायद्यानं पूर्ण तुमचं होतं.

चाचांना खुली असलेली वाट पालकत्वाची. १८९० च्या त्याच जुन्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय मुलाचं हित बघतं, त्याचं वय आणि धर्म लक्षात घेतं, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचंही ऐकतं. आदेश मिळाला की 'कायदेशीर पालक' या रकान्यात बसायचा हक्क मिळतो. मुलाचं नाव आणि वंश जसा आहे तसाच राहतो. कफालाच्या कल्पनेला यापेक्षा जवळचा कागद आपल्या कायद्यात नाही. ज्यांना दत्तक शब्दाची अडचण वाटते, त्यांना या वाटेवर तरी कसली अडचण असावी?

दुसरी वाट बालसंगोपन योजनेची. अनाथ, एकल पालक असलेली किंवा पालक सांभाळू शकत नाहीत अशी मुलं संस्थेत न जाता नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात राहावीत, यासाठी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाची ही योजना आहे. बालकल्याण समितीच्या आदेशानं दरमहा २,२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण त्या निमित्तानं मूल समितीच्या नोंदीत येतं आणि ते कुणाकडे राहतं हे सरकारदरबारी लिहिलं जातं. आमच्या गल्लीतल्या त्या काउंटरवर असा एखादा आदेश समोर ठेवता आला असता, तर ते पाच तास तसे गेले नसते.

तिसरी गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे. वारस नसलेल्या माणसासाठी एकतृतीयांश मालमत्तेपर्यंत वसीयत करण्याचा हक्क शरियतनंच दिला आहे. त्यासाठी पुतण्यांची परवानगी लागत नाही. हयातीत हिबा करून ताबा दिला तर एकतृतीयांशाचीही मर्यादा नाही. आमच्या चाचांच्या दुकानाचा तिसरा हिस्सा त्या मुलाला मिळाला असता तर त्याची पदवी निघाली असती. त्यासाठी लागले असते दोन साक्षीदार आणि एक कागद. वसीयत न करणं याला आपल्याकडे तवक्कुल समजलं जातं. मला त्यात आळस जास्त दिसतो, आणि मरणाबद्दल बोलायची टाळाटाळ.

'गरिबाला कोर्टकचेरी परवडत नाही', असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. रोजंदारी बुडवून ठाण्याला चकरा मारणं सोपं नाही. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना, मुलांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील देतं. अडथळा पैशाइतकाच माहितीचा आहे, आणि माहिती तुमच्या-माझ्याकडे आहे. किंवा एका संध्याकाळीत मिळवता येईल.

भिवंडीनं हे आधी करून दाखवलंय

चांगुलपणाला व्यवस्थेची जोड दिली की काय होतं, हे या शहराला वेगळं शिकवायला नको. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचं नाव देशभर बदनाम झालं. दोन्ही दंगलींत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं. तरीही माणसं मेली, कारण एकेकट्याची माणुसकी जमावापुढं अपुरी पडते. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, सोबत हवालदार, ठरलेल्या वेळी बैठक. त्यात भाषणं कमी आणि नळ, गटार, भांडणं यांची चर्चा जास्त. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

माणसं पूर्वीचीच होती. त्यांच्या चांगुलपणाला एक रचना मिळाली होती.

मुलांच्या बाबतीत तेच करता येईल. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली इमारत पहाटे कोसळली तेव्हा ढिगाऱ्यातून माणसं काढायला मोहल्ल्यातले तरुणच आधी धावले. त्याच वर्षी कोविडनं कितीतरी घरं मोडली. अशा वेळी मुलाला उचलून घरी नेणारे हात आपल्याकडे कमी पडत नाहीत. सहा महिन्यांनी त्या मुलाच्या नावानं अर्ज करणारे हात मात्र सापडत नाहीत.

माझी सूचना साधी आहे. जकातीतून शिलाई मशीन आणि वह्या वाटणाऱ्या आपल्या मंडळांनी महिन्यातून एक रविवार या कामासाठी ठेवावा. एक वकील, एक लिहिता-वाचता तरुण, एक लॅपटॉप. आपल्या वस्तीत आईबापाविना दुसऱ्याच्या घरी वाढणारी मुलं किती आहेत, ती कुणाकडे आहेत, त्यांच्याकडे कोणता कागद आहे आणि कोणता नाही, एवढं आधी लिहून काढावं. मग एकेका मुलाचा अर्ज मार्गी लावावा. कुणा घरात मूल राबवलं जातंय किंवा त्याला मारहाण होतेय असं दिसलं, तर मोहल्ल्याची इज्जत मध्ये न आणता १०९८ वर फोन करावा. मशिदीच्या इमामसाहेबांनी वर्षातून एक खुतबा कफाला आणि वसीयतीवर द्यावा. आणि आपल्यापैकी ज्यांना मूल नाही, किंवा एक आहे आणि दुसऱ्याला जागा आहे, त्यांनी दत्तकाचा किंवा प्रतिपालनाचा विचार 'लोक काय म्हणतील'च्या पुढं न्यावा. आमच्या घरी ही चर्चा सुरू आहे. बायकोचा प्रश्न होता की मूल मोठं झाल्यावर पडद्याचं काय. माझ्या आईचा प्रश्न होता की त्याला त्याच्या आईबापाबद्दल कधी सांगायचं. दोन्ही प्रश्न खरे आहेत, दोन्हींवर आलिमांशीही बोलता येतं आणि समुपदेशकांशीही. प्रश्न आहेत म्हणून दार बंद ठेवायचं कारण नाही.

'मोस्यू इब्राहिम' बघितलात तर लाल मोटारीतला प्रवास तुम्हाला आवडेलच. पण त्याआधीचा कचेरीचा भाग घाईनं पुढं सरकवू नका. आणि बघून झाल्यावर आपल्या गल्लीतल्या एखाद्या चाचांना किंवा खालांना विचारा की पोराचे कागद कुठवर आलेत. अर्ज भरताना कुणी अडलं तर मला सांगा. अर्जातले रकाने हे माझं रोजचंच काम आहे.